बख्त माईंची चुनरी

मी, आश्लेषा सुमंत कारखानीस, वय ४४, राहणार बॉथेल, वॉशिंग्टन राज्य, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मनात राग आहे. तो दबावात धरायचा का, असं मी वकिलांना विचारलं. ते नाही म्हणाले. तरीही प्रत्येक कलम मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचूनच कायम केलं आहे.

१. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात माझी मुलगी नैना हिचा पालक म्हणून मी माझा धाकटा भाऊ गुरुनाथ, राहणार बेलव्ह्यू, याला नेमलं होतं. माझ्या नवऱ्याचा, सज्जाद लंगाह यांचा, त्यानेच खून केला. तो सध्या जामिनावर आहे. सोमवारी कोर्टात माझी साक्ष आहे. मागच्या आठवड्यात आमच्या खिडकीवर दगड आला. तो कोणी मारला हे मी पाहिलं नाही, म्हणून इथे नाव लिहीत नाही.

२. नैनाच्या पालक माझ्या सासूबाई बख्त माई असतील. त्या पाकिस्तानातल्या बहावलपूरच्या, सराईकी बोलणाऱ्या. बांधणीसारखी चुनरी त्या नखांनी कापडाचे ठिपके आवळून स्वतः बांधतात आणि रंगवतात. माझी आई शोभा हिने या कलमाला हरकत घेऊ नये. तिचं म्हणणं मला ठाऊक आहे. ती फोनवर म्हणाली, "तो पाकिस्तानी पोशाख बघून चिडला होता गं. सज्जादनंच बॅट उगारली होती, एवढंच सांग. तुझा सख्खा भाऊ आहे."

आई, बॅट उगारली होती हे मी सांगणारच आहे. पण एवढंच सांगणार नाही.

३. सोमवारपर्यंत मी राहिले नाही, तर जे पाहिलं ते इथे असू दे. कोर्ट हे साक्ष म्हणून घेणार नाही, याची वकिलांनी कल्पना दिली आहे.

सहा मार्चला सराईकी लोक आपला पोशाख घालून सण करतात. यंदा त्या दिवशी सज्जाद खांद्यावर निळी छापील शाल, अजरक, आणि डोक्याला पांढरा पटका बांधून गॅरेजसमोर उभे होते. गुरुनाथ गाडीतून क्रिकेटची बॅट घेऊन उतरला.

"काय दाजी, टेबलक्लॉथ गुंडाळलाय का?"

सज्जाद हसले. "आओ साले साहब, चाय पियो."

गुरुनाथने अजरक धरून त्यांना ओढलं आणि गुडघ्यावर बॅट मारली. फटक्याचा आवाज मी दारातून ऐकला. सज्जादनी बॅट हिसकावली, त्याला खाली पाडलं, छातीवर पाय ठेवला आणि बॅट डोक्यावर उगारली. मारली असती का? मी रोज विचार करते. बहुतेक मारली असती.

बख्त माई धावत आल्या. त्यांनी डोक्यावरची चुनरी ओढून दोघांच्या मध्ये टाकली. त्यांच्याकडे बाईने डोक्यावरचं वस्त्र मध्ये टाकलं की हत्यार खाली ठेवावंच लागतं, मग समोर कोणी का असेना. सज्जादनी बॅट जमिनीवर ठेवली आणि आईची चुनरी उचलायला वाकले. गुरुनाथने तीच बॅट उचलली.

"गुरू, नको!" मी ओरडले.

"ताई, मध्ये येऊ नकोस."

पहिला घाव डोक्याच्या मागे बसला. त्यानंतरचे मी मोजले नाहीत. शेवटी तो चुनरीवर उभा होता. पटका आणि चुनरी, दोन्ही एकाच रंगाची झाली होती.

४. घर आणि बँकेतली शिल्लक नैनाची. ती अठरा वर्षांची होईपर्यंत बख्त माईंनी या घरातच राहावं. त्यांना कोणी बाहेर काढू नये.

५. सज्जादचे मुलतानी जरीचे जोडे नैनाला. तिच्या पायाला मोठे होतील. तरी घालून नाचू द्यावं.

६. माझ्या डायऱ्या माझी मैत्रीण मालिनी हिने न वाचता जाळाव्यात. मालिनी, खरंच न वाचता.

७. गुरुनाथला काही नाही. यंदा मी त्याला राखी बांधली नाही. आणली मात्र होती, ती ड्रॉवरमध्ये तशीच आहे.

८. चुनरी पोलिसांकडे आहे. खटला संपल्यावर ती बख्त माईंना द्यावी. तेव्हापासून त्या उघड्या डोक्यानं वावरतात. मी दुसरी ओढणी पुढे केली की म्हणतात, "मेरी चुनरी मेरे बेटे को खा गई." नैना म्हणते, "दादी, इट वॉजन्ट यू." त्या ऐकत नाहीत.

म्हणून लिहून ठेवते. त्या दुपारी बॅट हातात घेतलेल्या दोघांत एकच माणूस थांबला, आणि त्याला थांबायला त्यांनी शिकवलं होतं. माझी मुलगी त्याच बाईच्या हाताखाली वाढावी, ही माझी इच्छा आहे.

बॉथेल, १७ ऑगस्ट २०२५

सही: आश्लेषा कारखानीस

माझ्यासमक्ष सही केली:
इशिता ढवळे, सहकारी
राजीव मुंडले, शेजारी

साक्षीदारांची नोंद: कलम दोन आणि आठ बख्त माईंना हिंदीत वाचून दाखवली. पालकत्व मान्य आहे का, असं विचारल्यावर त्यांनी खुर्चीवरची नैनाची हुडी घेतली, डोक्यावर नीट ओढली, आणि मग "हां" म्हणाल्या.