कॅमेऱ्याकडे बघ

खडकी. रविवार, संध्याकाळचे सात.

उद्या दुपारी प्रज्ञाची जर्मनीतल्या कंपनीसाठी व्हिडिओवर मुलाखत आहे. सराव म्हणून आज मी साहेब झालो. दोन डब्यांवर लॅपटॉप ठेवला, ती पुढे बसली, मी लॅपटॉपच्या मागे कागद घेऊन. कारखान्यातल्या मला तिच्या सॉफ्टवेअरमधलं काय कळणार? प्रश्न तिनेच लिहून दिले होते.

उत्तरं चोख देत होती, पण बघत होती माझ्याकडे.

"अगं, कॅमेऱ्याकडे बघ. साहेब तिथे आहेत."

"अकरा वर्षांच्या संसाराची सवय आहे रे," म्हणाली.

मग शेवटचा प्रश्न आला. घरापासून दोन वर्षं लांब राहायची तयारी आहे का? ती थांबली. पुन्हा माझ्याकडेच बघत राहिली.

माझ्या आईच्या आजारपणात तिने अशीच एक संधी सोडली होती. कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून मीच म्हटलं, "असं थांबलीस तर घेणार नाहीत. हसून हो म्हण. आणि कॅमेऱ्याकडे बघ."

दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा थेट कॅमेऱ्यात बघून, छान हसून म्हणाली, "हो, काहीच अडचण नाही."

"जमलं?"

"एकदम."

खुशीत चहा टाकायला गेली. मी तिथेच बसून राहिलो. तिचं ते पहिलं थांबणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

उद्या ती दार लावून बसेल. त्या प्रश्नाला तिने थांबू नये, असं मला बाहेर बसून मनापासून वाटायला हवं. वाटेल का?