अक्काची हलकी वांगी

प्रिय अक्का,

तुला जाऊन वर्ष होत आलं, आणि धाकट्या भावाला पत्र लिहायला निमित्त सापडलं ते वांग्यांचं. हसू नकोस! जळगावच्या कॉलेजात मी मुलांना पीसीए शिकवतो. माहितीचे रकाने फार झाले की ते थोडक्यात कसे आणायचे, त्याची ही रीत. फळ्यावरचे बाण कुणाच्या डोक्यात शिरेनात, म्हणून परवा बाजारातून भरताची तीस वांगी वर्गात नेली.

मुलांनी प्रत्येकाची लांबी, घेर आणि वजन मोजलं. ग्रॅम आणि सेंटिमीटर आधी एका मापात आणले, मग वांग्यावांग्यांतला फरक कोणकोणत्या दिशांनी किती पसरलाय, ते गणिताने काढलं. वांगं मोठं असलं की तिन्ही आकडे बरोबरच वाढतात, म्हणून पहिली दिशा निघाली निव्वळ थोराडपणाची; सगळ्यांत जास्त फरक तिच्यातच. दुसरी, लांबट की गोल. तिसरीत फरक जेमतेम: आकाराच्या मानाने वांगं जड की हलकं, एवढाच. अशी दिशा आम्ही सोडून देतो. मीही खडूने तिच्यावर फुली मारली.

मग वांगी चिरली. आकाराच्या मानाने जी जड, ती बियांनी गच्च! भरताची सगळी चव त्या फुली मारलेल्या दिशेत होती. मुलं खूश झाली. मी मात्र खुर्चीवर बसलो.

तुलाही आठवलं ना?

शिरपूरचं तुझं अंगण, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, धुराने लाल झालेले तुझे डोळे. लग्नाकार्यात आचारी कुणीही असो, भरीत तुझंच. एकेक वांगं तळहातावर तोलायचीस आणि चांगलं टपोरं वांगं खुशाल टोपलीत परत टाकायचीस. का, ते तुला सांगता यायचं नाही. मी शिकलेला, तुला चिडवत राहायचो.

तुझ्या लेकीला, सुशीला, बघायला साक्रीची मंडळी आली, त्या दिवशी तुला उसंत नव्हती. मला बाजारात धाडलंस आणि बजावलंस, "हातमा धरीसन देख बापू, हलकं लागनं तेच ली ये." मी आणली थोराड, वजनदार, तुकतुकीत. पाहुण्यांसमोर शोभायला नकोत का? माझ्यावर विसंबून तू ती न तोलताच जाळावर ठेवलीस.

भरीत बियाळ झालं, कडवट झालं. पाहुण्यांतली एक म्हातारी हळूच म्हणाली की नाव ऐकलं होतं तसं काही लागलं नाही. तू मान खाली घालून म्हणालीस, "मना हातनी चव गई आते." मी शेजारीच जेवत होतो. भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

सुशीचं लग्न जमलं. पण त्यानंतर कुणाच्याही कार्यात तू भरताला हात लावला नाहीस. वय झालं, असं सगळ्यांनी धरून चाललं. अक्का, वांगी सोलताना बिया तुला दिसल्याच असणार. मग माझं नाव का नाही घेतलंस? चारचौघांत झापलं असतंस तर तुझं भरीत तरी राहिलं असतं! कधी कधी तुझा रागच येतो, आणि त्याहून जास्त माझा.

येत्या रविवारी सुशीच्या सासरी साक्रीला जातोय. वांगी मीच नेईन, एकेक तळहातावर तोलून. आणि पहिला घास कुणी घेण्याआधी सगळ्यांना सांगेन, की त्या दिवशीची वांगी मी निवडली होती. अक्काच्या हाताची चव कुठेही गेली नव्हती.

तुझा,
बापू