खात्री नसेल तर 'हो' म्हणा

३ मार्च, सोम.
आज सरांनी विहिरीवरचे पंप चालू-बंद करणाऱ्या आमच्या जुन्या डब्यांचा निकाल लावला. नवं कर्नल, म्हणजे डबा चालवणारा मूळ प्रोग्राम, २३०० केबी; डब्यात जागा २०४८. "मावत नाही. जुने सगळे भंगारात. शुक्रवारी तशा कागदावर सही कर." शेतकऱ्यांच्या विहिरींवर धडधाकट चालणारे डबे! एक तर देवगाव रंगारीला माझ्या मामाकडेच आहे. मी म्हणाले, शुक्रवारपर्यंत मावून दाखवते. सर हसले. हसू देत.

४ मार्च
कर्नलमध्ये काय घ्यायचं, काय नाही, ती कॉन्फिगची यादी उघडली. जिथं तिथं मदतीची तीच ओळ: खात्री नसेल तर 'हो' म्हणा. आधीच्या माणसाने डोळे मिटून सगळ्याला हो म्हटलंय. विहिरीवरच्या पंपाला ब्लूटूथ, साउंड, अगदी जॉयस्टिकसुद्धा! सगळ्यांना नाय. कर्नल २१४० वर आलं.

५ मार्च
२०५१. तीन केबींनी अडवलंय. वॉचडॉग दिसला: डबा अडकला की त्याला आपोआप पुन्हा चालू करतो. माझ्या टेबलावर डबा कधीच अडकला नाही. मग कशाला हवा? नाय. २०४६! दुपारचीच एसटी धरली, नवं कर्नल मामाच्या डब्यात टाकून आले.

६ मार्च
सकाळीच मामाचा फोन. "पोरी, लाईट दोनदा फडफडली अन् तुहा डबा मुका झाला. आधी रुसला तर आपोआप उठायचा की! कांदा वाळायलाय इथं."
वॉचडॉग. आधीच्या माणसानं डोळे मिटून हो म्हटलं, मी डोळे मिटून नाय. फरक काय? लाज वाटली. शेंद्र्याच्या कंपनीत माझ्या टेबलावर लाईट फडफडत नाही, हे मला, देवगावच्या भाचीला, कळू नये!
सर : "सांगितलं होतं ना? कर सही."
नाही केली.

७ मार्च, शुक्र.
वॉचडॉग परत. पुन्हा २०५१. मग कर्नलचे संदेशच काढले, चालू होताना काय काय छापतो ते सगळं. वाचणारी मी एकटीच होते. आता बिघडलं तर का बिघडलं ते मलाही कळणार नाही. पण १९६८. आज टेबलावर मुद्दाम वीस वेळा लाईट फडफडवली. वीसही वेळा उठला.
सरांनी कागद पुढे केला. 'जुने डबे निरुपयोगी : मान्य? हो / नाही.' नाहीवर खूण केली.
"खात्री आहे?"
"नाही सर. देवगावच्या लाईटीवर अजून बघायचंय."
सरांनी कागद फाडला नाही, ड्रॉवरमध्ये टाकला. मामाला कळवलंय, उद्या सकाळच्या एसटीनं येते. "ये," म्हणाला, "लाईट फडफडंल, त्याची खात्री हाय."