ओंकारजींची केबल

उज्जैन,
१२ जून १९९३

ती. आल्हाददादास,
शि. सा. न. वि. वि.

रमेशभैयांच्या इंदूरच्या बसवर लावलेला गावाचं नाव दाखवणारा माझा लाल दिव्यांचा बोर्ड दुसऱ्यांदा जळाला. पहिल्या वेळी मी बॅटरीचे बारा व्होल्ट बाराच धरले होते. इंजिन चालू झालं की ते चौदापर्यंत चढतात. त्यांचे पाच करणारा रेग्युलेटर तापून गेला. त्याची उष्णता काढायला मोठी पट्टी लावली. घरी टेबलावर आठवडाभर चालला, बसवर दोन दिवसांत गेला. रमेशभैया म्हणाले, बहनजींचा बोर्ड घरजावई आहे, घरातच ठीक राहतो.

अण्णांनी सांगून टाकलंय, तिसऱ्यांदा जळाला की हौस पुरी. मग पुण्याला, तुझ्या कंपनीत. मला यायचं नाही.

म्हणून काल सकाळी देवास गेटच्या बस स्टँडवर जाऊन बसले. ड्रायव्हर ओंकारजी पहिल्या फेरीआधी चालू इंजिनवर बॅटरीची केबल उपसतात. दिवे लागलेले राहिले तर डायनॅमो ठीक, मग हार, अगरबत्ती. धक्का पिऊन घेणारी बॅटरी सुटली की डायनॅमोचा सगळा जोर क्षणभर माझ्या बोर्डात येतो. रेग्युलेटर पस्तीस व्होल्ट सोसतो. हा जोर त्याहून बराच मोठा असणार.

धक्का शोषणारा डायोड इंदूरला मिळाला नाही. नंबर मागे लिहिलाय, चार पाठव. सल्ला नको.

कल्पनावहिनींना नमस्कार. लोभ असू दे.
गौरी

पुणे,
२१ जून १९९३

चि. गौरीस,
अ. उ. आ.

डायोड पाठवतोय. सल्ला नको म्हणालीस, म्हणून देतोच. ओंकारजींना केबल काढायची मनाई कर. तुझं सर्किट बरोबर आहे, वापरणारा चुकतोय. पण असल्या लोकांशी तू कशाला झगडतेस? आमच्याकडे टेस्टिंगला जागा आहे, साहेबांशी बोललोय. इथे टेबलावर स्वच्छ, स्थिर व्होल्टेज येतं आणि केबल कोणी उपसत नाही.

कल्पनाने मागची खोली लावायला घेतलीय. भैरवगढच्या छापाचे पडदेही शिवलेत, उज्जैनच्या आठवणीने तुला रडू यावं म्हणून. तू रडतेस का, हे मला अजून माहीत नाही.

माया आहे तशीच राहील. हट्ट कमी व्हावा.
आल्हाद

उज्जैन,
५ जुलै १९९३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डायोड पोचले. ओंकारजींशी बोलले. ते म्हणाले, बेटी, बीस साल से ऐसे ही देखते आए हैं, आता तुझ्या डब्ब्यासाठी बसचा मिजाज बदलायचा का? मला पटलं. बस आधीपासून आहे, बोर्ड नंतर आला. ज्याला ओंकारजी सोसत नाहीत तो बोर्डच चुकीचा. तुझ्या स्वच्छ व्होल्टेजवर काहीही चालेल.

आता फ्यूज आहे, तारा उलट्या जोडल्या तर अडवणारा डायोड आहे, धक्क्यासाठी तुझा डायोड, आणि त्यामागे तारेचं वेटोळं व मोठा कॅपॅसिटर. काल रविवारी अण्णांना आणि रमेशभैयांना देवास गेटला उभं केलं आणि ओंकारजींना म्हटलं, काढा केबल. काढली. पुन्हा काढायला लावली. ते कंटाळले तरी लावली. शेवटी बसचा उजवा हेडलाइट फट्‌कन गेला. बोर्डवर ‘इंदौर’ तसंच लाल होतं.

बल्बवरून रमेशभैया असे बिघडले की ओंकारजींसकट त्यांच्या तिन्ही ड्रायव्हरांनी केबलला हात लावणार नाही असं कबूल केलंय.

पडदे इकडे पाठव, माझ्या टेबलाच्या खिडकीतून फार धूळ येते. खोली भाड्याने द्यायला हरकत नाही.

घरी येताना अण्णा म्हणाले, आता केबल निघणारच नाही, तर रमेशभैयांच्या बाकीच्या दोन बसच्या बोर्डांत तो डायोड कशाला? बाकीच्या दोन बसचे बोर्ड, हे त्यांच्याच तोंडून आलं. मी ते नीट ऐकून घेतलं.

डायोड मात्र काढणार नाही. ओंकारजी कधीतरी सुट्टीवर जातील, बदली ड्रायव्हर येईल.

लोभ आहे, तो चालू इंजिनवरही टिकावा.
गौरी