नंबर अठ्ठावन्न कुणाचा?

मारिएस्ताद,
फेब्रुवारी, गुरुवार दुपार

प्रिय मायलीस,

तू म्हणशील, मध्ये एक जिना, आणि हेल्गेने पत्र लिहावं! पण बाई, या आठवड्यात तुझी घंटा मी कितीदा वाजवली. एकदा तू झोपली होतीस, एकदा अंघोळीला गेली होतीस, आणि काल तर दार न उघडता पत्र टाकायच्या फटीतूनच माझ्याशी बोललीस. ती फट आहे गुडघ्याएवढ्या उंचीवर. तुझं ऐकू यावं म्हणून मी तुझ्या पायपुसण्यावर गुडघे टेकून बसलो, आणि मग उठता येईना. समोरच्या बिऱ्हाडातली बाई बाहेर आली, हात देऊन मला उभं केलं आणि म्हणाली, "हेल्गे, प्रार्थना करत होतास का?" तेव्हा म्हटलं, फटीतूनच बोलायचं असेल तर सरळ पत्र टाकावं. निदान माझी इभ्रत राहील.

आज आपल्या पेन्शनर मंडळाच्या सभागृहात नेहमीसारखं गुरुवारचं वाटाण्याचं सूप होतं. मोहरी संपली होती आणि त्यावरून भांडायला तू नव्हतीस, त्यामुळे सगळ्यांनी ते अळणी सूप गपगुमान गिळलं. आपल्या टेबलावरच्या एव्हर्टने तुझ्या खुर्चीवर आपला कोट टाकला होता. मी तो उचलून खिडकीत ठेवला. तो म्हणाला, "ती काय आता येतेय होय!" मी सूपानंतरचा त्याचा पॅनकेक खाऊन टाकला. तुझ्या संगतीचा हा परिणाम.

तुझी आवराआवर आता संपत आली असेल. मरणाआधी आपला पसारा आपणच काढावा, मुलांच्या डोक्यावर ठेवू नये, ही आपल्याकडची रीत मलाही मान्य आहे. पण लोक त्याला वर्षं लावतात. चार कपबश्या द्यायच्या, मग दोन वर्षं विश्रांती. तू नाताळपासून जी सुटलीस ती थांबायलाच तयार नाहीस. पुस्तकं ग्रंथालयाला, वॅफलचा साचा एव्हर्टला, आणि मला तुझी लाल घसरगाडी. बर्फ पडला की त्या गाडीच्या खुर्चीवर बटाट्यांची पिशवी ठेवून, एका पायाने जमीन रेटत तू टेकडीवरून सुसाट खाली यायचीस आणि मी बसच्या काचेतून बघत बसायचो. ती गाडी तू मला दिलीस तेव्हा मी आभार मानले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू हार मानतेयस. मायलीस, झिजलाय तो तुझा खुबा, तू नाहीस.

गेल्या वसंतात ती टुवा आपल्याकडे आली तो गुरुवार आठवतो? कानात पाच-सहा बाळ्या, पायात दोन रंगांचे मोजे. जुन्या दूधडेअरीच्या इमारतीत ती आणि तिची मित्रमंडळी संगणकावरचे खेळ बनवतात हे गावाला ठाऊक होतं, पण ती सूप प्यायला का आली हे कुणाला कळेना. मग ती उभी राहिली आणि म्हणाली, "आम्ही म्हाताऱ्या माणसांवर एक खेळ करतोय. वृद्धाश्रमातून हाकललेले, पेन्शन बुडालेले म्हातारे-म्हाताऱ्या. गावभर हिंडायचं, वाटेल तो उपद्व्याप करायचा. छपरावरून पडायचं, गाडीखाली यायचं, हात-पाय तुटतात, आणि पुन्हा उठायचं." आपल्या अध्यक्षबाई लालबुंद होऊन म्हणाल्या, "लाज नाही वाटत? आमच्या मरणावर हसायचं?" टुवा बिचारी मटकन खाली बसली. आणि तू, तोंडातला घास न संपवता, म्हणालीस, "हसू दे की. पूर्वी म्हणे आपल्याकडे म्हाताऱ्यांना कड्यावरून ढकलून द्यायचे. इथे निदान आपली आपण उडी मारायची आहे. पोरी, मला घे तुझ्या खेळात!" त्या दिवशी मी पहिल्यांदा मनात म्हटलं, ही बाई वेगळ्याच मातीची आहे. म्हणजे, म्हणत आलोच होतो, पण त्या दिवशी पक्कं झालं.

आणि मग डेअरीतली ती पहिली दुपार. तुला, मला आणि एव्हर्टला मोठ्या पडद्यासमोर बसवून हातात बटणांची ती यंत्रं दिली. टुवाने समजावून सांगितलं की यातली माणसं नुसती चित्रं नाहीत. प्रत्येकाला वजन आहे, सांधे आहेत. धक्का द्याल तसं अंग वळतं, पडेल तसं आपटतं, आम्हालाही आधी सांगता येत नाही. "काही नियम नाहीत," ती म्हणाली. "काय वाटेल ते करा." मागे तिची सगळी मंडळी वहीपेन घेऊन बसलेली, आता हे म्हातारे काय दिवे लावतात ते बघायला.

आणि आपण काय केलं? खेळातल्या औषधांच्या दुकानात गेलो, दारातल्या यंत्रातून नंबरची चिठ्ठी घेतली आणि बाकावर बसून राहिलो.

अजून हसू येतं बघ. भिंतीवरच्या फळ्यावर लाल आकड्यात सत्तावन्न. तुझ्या चिठ्ठीवर अठ्ठावन्न, माझ्या एकोणसाठ, एव्हर्टच्या साठ. बाहेर रस्त्यावर एक कुत्रा पेटलेलं कचऱ्याचं पिंप ओढत पळत होता, चर्चच्या छपरावर मोटार अडकली होती, सगळं गाव आपल्यासाठी मोडायला मोकळं सोडलेलं, आणि आपण तिघं हात मांडीवर ठेवून नंबरची वाट बघत होतो. मी तर माझ्या म्हाताऱ्याची टोपीही काढून ठेवली होती. कसं काढायचं ते बटण शोधून शोधून काढली. कुणीतरी खेळातला माणूस मध्ये घुसला तर एव्हर्ट पडद्यावर खेकसला, "ओ, रांग दिसत नाही का?" मागची मंडळी आधी खुसखुसत होती, मग त्यांची मुरकुंडी वळली. शेवटी टुवा डोळे पुसत पुढे आली. "हेल्गे, काय करतोयस तू?" मी म्हटलं, "नंबर यायचाय." ती म्हणाली, "अरे, तो नंबर कधीच येत नाही. तो फळा नुसता शोभेचा आहे."

मी आयुष्यभर बस चालवली. थांब्यावर अर्धं मिनिट लवकर पोचलो तर दार बंदच ठेवून अर्धं मिनिट थांबणारा मी माणूस. मला ते ऐकून वाईट वाटलं, इतकंच. मी दुसरीकडे कुठे रांग आहे का ते शोधायला निघणार होतो. पण तुझा आवाज आला, "कधीच येत नाही? आणि हे तू आत्ता सांगतेस?"

पुढचं सगळं मी कितीदा आठवतो याला गणती नाही. तुझी म्हातारी उठली. तिने चाकांचा वॉकर फिरवला आणि काउंटरवर चढवला. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांचा सडा पडला. वर गरगरणाऱ्या पंख्यात तिचा डावा हात अडकून तुटला, तर तिने तोच हात उजव्या हातात धरला आणि त्याने फळ्याला बडवायला लागली. फळा तुटला, खिडकी फुटली, म्हातारी बाहेर उडाली ती थेट मिडसोमरच्या सणाला उभारतात त्या खांबावर. तिथून खांबासकट, फुलांच्या माळांसकट, मलईभरले सेमला पाव विकणाऱ्या गाड्यावर. मलईत रुतलेली, एक पाय मानेमागे, एक हात नाही. आणि ती उठली! पाय झटकला, तोंडावरची मलई पुसली आणि चालू लागली. तू इकडे खुर्चीत हसून हसून अशी वाकलेली की तुझी कवळी मला टेबलाखालून शोधून द्यावी लागली.

पण मला सगळ्यात आवडलं ते त्यानंतरचं. एखाद्याला वाटलं असतं, आता ही चर्च पाडेल, पण नाही. तू परत त्या मोडक्या दुकानात गेलीस, काउंटरच्या मागे उभी राहिलीस आणि इकडे खोलीत, आपल्या खऱ्या आवाजात, ओरडलीस, "पुढचा! ताट सरळ धर!" या गावातल्या कुठल्याही पोराला विचार, शाळेच्या स्वयंपाकघरातला तो आवाज त्याच्या स्वप्नात अजून येतो. टुवाही तुझ्याच हातचे बटाटे खाऊन वाढलेली. ती एकदम ताठ झाली, हात आपोआप पुढे, ताट धरल्यासारखे. मग भानावर आली आणि मायक्रोफोन आणायला धावली. तू कितीतरी वेळ त्या मायक्रोफोनशी बोलत होतीस, आणि आम्हाला बाहेर काढलंस. काय बोललीस ते कधी सांगितलं नाहीस.

सगळा उन्हाळा आपण तिथे जात राहिलो. लोक म्हणाले, म्हातारचळ लागलाय. लागला होताच, आणि काय सुंदर लागला होता! मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा एक दिवा फोडला. खेळातला का होईना. नंतर पानं गळायला लागली आणि डेअरीच्या पायऱ्यांवर तू कठड्याला धरून थांबायला लागलीस. खुब्याच्या ऑपरेशनच्या रांगेत नाव घातलंय म्हणालीस. मग पायऱ्याच नको झाल्या, मग गुरुवार नको झाले. माझ्या छतावर तुझी पावलं वाजायची ती आता पलंगापासून मोरीपर्यंतच वाजतात, मध्ये थांबून थांबून. मी खाली बसून ऐकतो. तुला माहीत नसेल, पण ऐकतो.

आता बातमी. खेळ गेल्या आठवड्यात बाहेर पडला. डेअरीत सगळ्यांना कॉफी आणि सेमला होते. टुवाने दारातच विचारलं, "मायलीस कुठंय?" मी म्हटलं, सर्दी झालीय. तिने तुझ्यासाठी एक सेमला बाजूला काढून ठेवला. तो एव्हर्टने खाल्ला. मग मला पडद्यापुढे बसवलं. सगळे म्हणाले, हेल्गे, आज काहीतरी मोड! पण सवय कुठे जाते? मी त्या औषधांच्या दुकानात गेलो, चिठ्ठी घेतली, टोपी काढली आणि बसलो. म्हटलं, तुझ्या आठवणीने थोडा वेळ बसावं. फळ्यावर सत्तावन्न. माझ्या चिठ्ठीवर अठ्ठावन्न. कॉफी गार झाली. आणि मायलीस, आकडा हलला! अठ्ठावन्न! आणि काउंटरच्या मागून तुझा आवाज, "पुढचा! ताट सरळ धर आणि रडू नकोस!" ड्रॉवर उघडला, आत चकचकीत पोलादी खुबा. तो बसवला तर माझा म्हातारा एका उडीत चर्चच्या मनोऱ्यावर. टुवा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हे तिनेच करायला लावलं. म्हणाली, जो थांबेल त्याला काहीतरी मिळालंच पाहिजे, नाहीतर मी गावभर तुझी बदनामी करीन. जगभर लोक खेळतायत, हेल्गे, पण हे अजून कुणाला सापडलेलं नाही. असल्या खेळात रांगेत बसणार कोण?"

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो. काल फटीतून तू म्हणालीस की हॉस्पिटलातून फोन आला होता, मार्चमधली तारीख देतायत, आणि तू सोमवारी त्यांना नको म्हणून कळवणार आहेस. "या वयात कशाला, हेल्गे? एखाद्या तरुण माणसाला मिळू दे माझी जागा." मी गप्प राहिलो, कारण मला रडू येत होतं आणि मी गुडघ्यांवर होतो, दोन्ही एकदम जमत नाही. आता बोलतो. शाळेत एखादं पोर लाजून म्हणायचं, मला नको, मागच्याला द्या, तेव्हा तू काय करायचीस? डाव भरून त्याच्या ताटात उपडा करायचीस आणि म्हणायचीस, "मागच्याचं मागच्याला मिळेल. तू तुझं खा." इतक्या पोरांना ते सांगितलंस, आता स्वतः ऐक. मला तू हवी आहेस, मायलीस. माझ्या छतावर चालायला, मोहरीवरून भांडायला, माझ्यासारख्या सरळमार्गी माणसाला बिघडवायला. तुझी घसरगाडी मी ठेवून घेणार नाही. घासूनपुसून, पात्यांना तेल लावून तुझ्या दाराबाहेर उभी केलीय. मार्चमध्ये बर्फ असेलच. खुर्चीवर तू बस, हॉस्पिटलच्या बसपर्यंत रेटायला मी आहे, आणि बस अर्धं मिनिट लवकर सुटायला लागली तर तिच्यापुढे आडवा पडेन. तुझा नंबर आलाय. पुढची! ताट सरळ धर आणि रडू नकोस.

तुझाच,
खालच्या मजल्यावरून ऐकत असलेला
हेल्गे

ता. क. एव्हर्टला वॅफलचा साचा परत दे म्हटलं तर तो म्हणतो, दिलेलं परत देत नसतो. तेव्हा तो तुला स्वतःच्या पायांनी जाऊन हिसकावून आणावा लागेल. मी दारात उभा राहून लक्ष ठेवीन.