परगावची पडलेली झाडं

पप्पा,

त्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कुऱ्हाडीला कानस मारत होता आणि आई तांदळाच्या भाकऱ्या भाजत होती. वारा आदल्या दुपारी थांबला होता. वादळाचा खरा जोर आपल्यावर नव्हताच, ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकून गुजरातेत धडकलं. आपल्याला त्याचं नुसतं शेपूट लागलं, पण तेवढ्यानेही शेजारच्या सांडोरच्या केळी आडव्या झाल्या होत्या आणि आपल्या पापडीत प्रत्येक आळीत एखादी चिंच, एखादा माड तरी पडला होताच. तेवढ्यात तो कंत्राटदार आला, ट्रक घेऊनच. तिकडे रस्ते बंद आहेत, तारांवर झाडं पडली आहेत, विरारच्या दोन टोळ्या गाडीत बसल्यासुद्धा, तुम्ही फक्त माणसं आणि दोर घ्या, असं उभ्याउभ्याच सांगत होता. तुम्ही विचारलंत, झाडं कुठली आहेत. तो म्हणाला, झाडं म्हणजे झाडं. तुमची कानस थांबली नाही. आधी गावचं उरकतो, मग बघू, एवढंच म्हणालात, आणि तो ट्रक वळवून निघून गेला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मला तुमचा राग आला होता. लोक तुम्हाला लाकूडतोड्या म्हणायचे, कॉलेजातल्या मैत्रिणींना तुमचा धंदा सांगताना मी वाक्य अर्धंच सोडायचे. सरकारी काम चालून आलं होतं, चार ठिकाणी नाव झालं असतं, आणि तुम्ही ते दारातून परत पाठवलंत. मी तसं बोलूनही दाखवलं. वर म्हणाले, गावातली झाडं काय, पडलेलीच आहेत, अजून आठवडाभर पडून राहिली तर काय बिघडतं? तुम्ही वर न बघता म्हणालात, "बाईंच्या घरावर आंबा पडलाय. त्या ताडपत्रीखाली बसून आहेत. त्यांना जाऊन सांग, आठवडाभर थांबा म्हणून." मी गेले नाही. मला बाराखडी त्याच बाईंनी शिकवली होती.

तीन दिवस तुम्ही गावातच होता. बाईंचा आंबा उतरवताना मी पहिल्यांदा तुमचं काम नीट, शेवटपर्यंत उभी राहून बघितलं. मला वाटायचं पडलेलं झाड तोडणं सोपं, ते तर आडवंच असतं. तुम्ही खोडाभोवती दोनदा फिरलात, प्रत्येक फांदीला हाताने दाबून बघितलंत, कुठली फांदी भार पेलून आहे आणि कुठली धनुष्यासारखी ताणली आहे ते काकांना दाखवलंत. उभं झाड आपलं मन सांगतं, पडलेलं झाड लपवतं, असं तुम्ही म्हणालात. मग चार दोरांनी खोड धरून ठेवलं आणि टोकाकडून एकेक फांदी काढत आलात. संध्याकाळी आंबा अंगणात होता आणि छपराची फुटलेली कौलं सोडली तर घर जसंच्या तसं. बाईंनी तुम्हाला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. तुमचे पाय चिखलाने भरले होते म्हणून तुम्ही नुसतेच खुर्चीच्या कडेला टेकलात, हे मला अजून दिसतं.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही दोर गुंडाळून सायकलला बांधायच्या ऐवजी गोणीत भरायला लागलात. मी विचारलं, आता कुठे? तर म्हणालात, तिकडे. मला कळेना, गावासाठी कंत्राटदाराला नाही म्हणालात आणि आता कुणी न बोलावता निघालात. तेव्हा तुम्ही मला समजावलंत, ते असं, की आपल्याकडे झाडावर चढणारी माणसं आहेत म्हणून आपलं गाव तीन दिवसांत मोकळं झालं. जिथे तेवढी माणसं नाहीत तिथे कुणीतरी जायला हवं, पण स्वतःचं दार उघडं टाकून नव्हे. मग म्हणालात, तूही चल. तुमची हिंदी बाजारापुरती, आणि तिथे साहेबलोकांशी बोलावं लागणार होतं. आई दोन दिवस धुमसत राहिली असती, पण तुम्ही तिला तेवढा वेळच दिला नाहीत. आपण पाच जण गेलो: तुम्ही, काका, तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं चढणारे पूर्वेच्या डोंगरातले दोघे वारली भाऊ, आणि मी.

आपण गुजरातेतल्या एका गावात पोचलो. छपरं उडालेली, खांब वाकलेले, आणि रस्त्यावर झाडांवर झाडं. गावातले लाकूड तोडणारे मात्र चहाच्या टपरीवर हात बांधून बसले होते. बाहेरच्या टोळ्या आणल्या होत्या, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ते आपल्याकडे असे बघत होते की मला परत फिरावंसं वाटलं. तुम्ही सरळ त्यांच्यात जाऊन बसलात. काय बोललात कुणास ठाऊक, तुम्हाला गुजराती येत नव्हती आणि त्यांना मराठी. पण चहा संपेपर्यंत त्यातले दोघे आपल्या टोळीत आले होते. इथली माती कशी आहे आणि इथली झाडं कुठे पोकळ होतात ते यांना माहीत, आपल्याला नाही, असं तुम्ही नंतर मला सांगितलंत.

आणि मग तो कडुनिंब. दवाखान्याकडे जाणारा एकच रस्ता, आणि त्यावर जुना अजस्र कडुनिंब तारांना घेऊन रेललेला. पलीकडे रुग्णांच्या दोन गाड्या अडकल्या आहेत. तिथला सरकारी साहेब घामाघूम होऊन सांगतो, लाईन बंद आहे, लगेच सुरू करा. तुम्ही मला आपल्या बोलीत सांगता, याला सांग, वायरमन माझ्यासमोर तार तपासत नाही तोवर माझा माणूस झाडाला हात लावणार नाही. मी ते जमेल तितकं गोड करून हिंदीत सांगते. साहेबाचा आवाज चढतो. मागे दुसरी एक टोळी उभी आहे, त्यांचा मुकादम हसून म्हणतो, हे घाबरले, आम्ही करतो, आणि त्यांचा एक माणूस कुऱ्हाड घेऊन पुढे येतो. तुम्ही त्याच्या आणि खोडाच्या मध्ये जाऊन उभे राहता, हात पसरून. सगळे तुमच्याकडे बघताहेत. शरमेने माझे कान तापलेत. मी जवळ येऊन हळूच म्हणते, पप्पा, पलीकडे दवाखाना आहे, माणसं अडकलीत.

"दवाखाना आहे म्हणूनच," तुम्ही म्हणालात. "आपल्यातला आणखी एक तिथे न्यायचा नाही."

पाऊण तास तुम्ही तसेच उभे होता. शेवटी वायरमन सायकलवरून आला, कुरकुरतच. त्याने लांब काठीचा टेस्टर तारेला लावला आणि झटकन मागे सरला. तार जिवंत होती. मुख्य लाईन बंदच होती, पण जवळच्या एका पिठाच्या गिरणीवाल्याने जनरेटर लावला होता आणि त्याची वीज उलटी त्या तारेत येत होती. कुणालाच ते ठाऊक नव्हतं. पुढे आलेल्या त्या माणसाने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. जनरेटर बंद झाल्यावर तुम्ही दोर मागवलेत, आणि दीड तासात रस्ता मोकळा झाला. गाड्या गेल्या तेव्हा तुम्ही बाजूला उभे राहून अंगावरचा भुसा झटकत होता. साहेब माझ्याकडे येऊन म्हणाला, आपके पिताजी कहाँ के हैं? पापडीचे, मी म्हणाले, वसईच्या पापडीचे. त्या दिवसानंतर तुमचा धंदा सांगताना मी कधी वाक्य अर्धं सोडलं नाही.

आपण बारा दिवस राहिलो. तीन वर्षांनी तुम्ही गेलात, घरात, पलंगावर, आई उशाशी असताना. आपल्या धंद्यात असं मरण ही कारागिरीची पावती असते, हे मला आता समजतं. तुमच्यानंतर काकांनी आणि मी दोर खाली ठेवले नाहीत. आता आठ माणसं आहेत, दोन मशीनच्या करवती आहेत. पावसाच्या आधी एव्हरशाईन सिटीतल्या सोसायट्यांचे फोन सुरू होतात, गाड्यांवर झुकलेले गुलमोहर छाटायला. सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्यांदा माझ्यामागे कुणी पुरुष आहे का ते बघतात, दुसऱ्यांदा बघत नाहीत.

या वर्षी वादळ खाली कोकणात गेलं. मला फोन आला तेव्हा आपल्याकडेही झाडं पडली होती. मी नाही म्हणाले नाही, चार दिवस मागून घेतले. आधी आपल्या आळ्या, मग सोसायट्या, आणि पाचव्या दिवशी निघालो. काका म्हणाले, आता जम बसलेल्या धंद्याने असं भटकू नये, इथे गिऱ्हाईक तुटेल. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, दोन गिऱ्हाईकं तुटलीच. तिथे पोचल्यावर मी आधी गावातले तोडणारे शोधले, तिघांना बरोबर घेतलं. तारेजवळचं प्रत्येक झाड वायरमन समोर आल्यावरच धरलं. एकदा एका सरपंचाने चिडून आवाज चढवला. मी उभी राहिले. कुणाला ओरखडासुद्धा न येता आठही जण घरी आले.

हे पत्र रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर तुमच्या कबरीवर ठेवायचं म्हणून लिहायला बसले होते. पण तिथे पाचजण थांबून वाचतील, म्हणून ते कपाटातच राहील. आणि एक गोष्ट अशी आहे की ती इतरांनी वाचू नये. का गेलीस, असं काकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, तिथे माणसं अडचणीत होती म्हणून. ते खरं आहे, पण अर्धंच. एखाद्या परक्या गावात रस्ता मोकळा झाल्यावर कुणीतरी मला विचारावं, कुणाची मुलगी गं तू, आणि मी तुमचं नाव सांगावं, म्हणून मी गेले होते. आठ दिवसांत कुणी विचारलं नाही. मग शेवटच्या दिवशी, ट्रकमध्ये चढताना, मी आपणहूनच तुमचं नाव सांगितलं.