ताईचा शोधनिबंध माझ्या नावावर छापल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
संशोधन शिष्यवृत्ती कक्ष,
दुसरा मजला, बंद लिफ्टच्या समोर.

विषय : मला मिळालेली मुलाखत काढून घेऊन ताईला देण्याबाबत.

संदर्भ : १) मला आलेलं आपलं मुलाखतीचं पत्र. २) ताईला आलेलं आपलं नकाराचं पत्र. (दोन्ही एकाच पाकिटात आली. आमचा पत्ता एकच आहे एवढं तरी कुणाच्या लक्षात आलं.)

महोदय,

“नाव तुझं छापलंय ना? मग संशोधक तूच! उगाच डोकं खाऊ नकोस!” असं आपल्या खिडकीवरचे साहेब आत्ता माझ्यावर खेकसले. मी म्हटलं, “साहेब, मी नववीत शाळा सोडलीये.” तर म्हणाले, “ते आत कमिटीला सांग.” मग माझाही आवाज चढला, हे मान्य. त्यावर त्यांनी सांगितलं की तोंडी काही चालत नाही, अर्ज दे. सबब बाहेरच्या बाकावर बसून सदर अर्ज लिहीत आहे. कागद साहेबांचा आहे, पेन ताईचं आहे.

१. ताई माझी सख्खी मोठी बहीण. तिला पीएचडी करायची आहे. तिचा विषय म्हणजे सार्वजनिक नळाच्या रांगेत माणसं कशी वागतात. कोण मध्ये घुसतं, कुणाला घुसू देतात, कुणाची बादली मागे सरकवतात, असं सगळं. त्यासाठी ती दोन उन्हाळे रोज सकाळी रांगेत उभी राहिली. आई म्हणायची, “अगं बाई, उभीच राहतेस तर बादली तरी भरून आण!” पण नंबर आला की ही बाजूला व्हायची आणि परत शेवटी जाऊन उभी राहायची.

२. आपला नियम असा की शिष्यवृत्ती हवी तर आधी शोधनिबंध छापून आलेला पाहिजे. छापणारे म्हणतात मार्गदर्शकाची सही आणा. मार्गदर्शक म्हणतात आधी शिष्यवृत्ती आण, मग सहीचं बघू. त्यांना सगळा विभाग ‘बघू सर’ म्हणतो. निबंध त्यांनी वर्षभर कपाटात ठेवला आणि मग एकच सुधारणा सुचवली. पहिलं नाव त्यांचं, दुसरं विभागप्रमुखांचं, तिसरं ताईचं. बाकी एक स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. मग सही केली.

३. संशोधनपत्रिकेत निबंध तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळू देत नाहीत, वशिला लागू नये म्हणून. त्यामुळे निबंधावर नाव नसतं, नावांची चिठ्ठी वेगळी द्यायची असते. ताईला ताप होता म्हणून पाकीट द्यायला मी गेलो. मी पंक्चरच्या दुकानात काम करतो, पण पाकिटाला बोटाचा डाग लागू दिला नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, “पोचपावतीवर नाव लिही, नीट लिही.” मी नीट लिहिलं. अक्षरासाठी शाळेत एवढा मार खाल्ला, तेव्हा आलं नाही, त्या दिवशी नेमकं सुरेख आलं. पुढे चिठ्ठी त्यांच्याकडून हरवली. वशिला इतका पक्का टळला की लेखक कोण हे खुद्द त्यांनाच कळेना. मग त्यांनी पावतीवरचं नाव उचललं आणि छापून टाकलं.

४. मी भांडायला गेलो. बाई म्हणाल्या, दुरुस्ती होईल, पण लेखकाचा अर्ज लागेल. म्हटलं, लेखक ताई आहे. म्हणाल्या, “नोंदीप्रमाणे तू आहेस.” बरं, मग मीच अर्ज देतो. तर म्हणाल्या, “विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी दे.” मला कुठलं आलंय विद्यापीठ? आमच्या दुकानाचा शिक्का आहे, त्यावर चाक आहे. तो चालत नाही म्हणाल्या.

५. निबंध छापून आल्यावर बघू सर जन्मात पहिल्यांदा आमच्या घरी आले. मला वाटलं, आता हे ताईसाठी काहीतरी करणार. त्यांनी चहा घेतला, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “तू माझ्याकडे नोंदणी कर. मार्गदर्शक म्हणून माझं नाव लागलं की सगळं सुरळीत होईल.” ताई समोर बिस्किटांची बशी घेऊन उभी होती. तिच्याबद्दल विचारलं तर म्हणाले, “तिचं बघू.” त्यानंतर मी जे बोललो ते अर्जात लिहिता येत नाही.

६. आता आपलं पत्र. मी अर्जच केला नव्हता, अर्ज ताईचा होता; पण तिने जोडलेल्या छापील निबंधावर माझं नाव बघून आपण मुलाखतीला मलाच बोलावलंत. आणि ताईला कळवलंत की तिचा प्रस्ताव एका प्रसिद्ध झालेल्या संशोधनाशी जसाच्या तसा जुळतो, सबब ही चोरी आहे. म्हणजे तिने माझं चोरलं! महोदय, मी आजवर तिचा खाऊ चोरला, सायकल चोरली, हे पेनही न विचारता घेतलंय. तिने एकदाच माझं काही चोरलं म्हणे, तर तेही तिचंच निघालं.

घरी तर वेगळाच तमाशा. आई तो अंक शेजारणींना दाखवत फिरते, कारण कुणाचं का होईना, नाव घरातलंच आहे. बाबा म्हणाले, “तुझं नाव गैरहजरांच्या यादीबाहेर पहिल्यांदा बघितलं.” आणि ताई? ती गेले काही दिवस माझ्याकडून मुलाखतीची तयारी करून घेतेय. “जाऊ दे रे, तू तरी हो आत,” म्हणते. मला खरा राग याचाच येतो. स्वतःच्या नंबरावर परत बाजूला झाली!

७. पुढच्या वर्षी ती आपल्या वयाच्या अटीत बसत नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पावत्या फाडायची नोकरी आहे, आजची माझी मुलाखत आटोपली की उद्यापासून येते असं तिने त्यांना सांगून ठेवलंय. तिच्या रांगेचं काय झालं, असं मग कुणीही विचारणार नाही.

तरी विनंती एवढीच की मला काही विचारू नका, मला फक्त पंक्चर येतं. ताई माझ्या शेजारीच बसलीये. ती मला सोबत म्हणून आलीये असं तिला वाटतंय. मी तिला सांगितलंय की मी जरा खाली जाऊन येतो, नाव पुकारलं तर “भाऊ येतोच आहे” एवढं आत जाऊन सांग. ती तेवढ्यासाठी आत येईल. कृपया दार लावून घ्या आणि पहिला प्रश्न विचारा. रांगेत मागच्या माणसाला पुढच्यापेक्षा जास्त राग का येतो, हे विचारा. एकदा सुरू झाली की ती थांबत नाही, आम्ही घरी सोसलंय.

दारावरच्या काकांनी यादी हातात घेतली, आता माझंच नाव येणार. हा अर्ज त्यांच्याकडे देतो. मी इथे दिसलो तर ती परत खाली बसेल, म्हणून मला आत्ताच्या आत्ता निघावं लागतंय.

आपला नम्र,
आत आलेल्या बाईंचा धाकटा भाऊ

(सही मुद्दाम केलेली नाही. मागे एका ठिकाणी नीट केली होती.)